मदत हवी आहे: डेंग्यूनंतर भावाला जीबीएस (गुलेन बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार), कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, धाकट्या भावाला डेंग्यू झालेला, प्लेटलेट्स ४० हजारांवर आलेल्या, मग चढल्या, ताप गेला, घरी आणलं आणि वाटलं सुटलो एकदाचे. आठव्या दिवशी जिन्यावर पायातली चप्पल निसटली तरी त्याला कळलंच नाही, संध्याकाळपर्यंत शर्टाचं बटण लावता येईना. आधीच्या डॉक्टरांनी मुंग्या म्हणजे अशक्तपणा म्हणून घरी पाठवलेलं, त्याचा फार राग येतो. मग नाशिकला न्यूरोवाल्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हललाच नाही, एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) केली, पाठीतलं पाणी तपासलं, प्रोटीन वाढलेलं पण पेशी नॉर्मल. जीबीएस. २०२५ ला पुण्यात सिंहगड रोडला पसरलेला तोच, तिथे दूषित पाण्याचा संबंध होता, इथे डेंग्यूनंतर प्रतिकारशक्तीच नसांवर उलटलीय, क्वचित होतं म्हणे.

आयव्हीआयजीचे (शिरेतून देतात ती इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं) ५ दिवस काल संपले, श्वास ठीक आहे देवाच्या कृपेने, पण अजून उभं राहता येत नाही.

कुणाच्या घरी डेंग्यूनंतर असं झालंय का, चालायला किती दिवस लागले? नाशिकरोडकडे घरी येणारा न्यूरो फिजिओ माहीत असेल तर प्लीज सांगा, आणि महात्मा फुले योजनेतून इंजेक्शनचा खर्च कुणाला मिळाला असेल तर कागदपत्रं कोणती लागली तेही.