मदत हवी आहे: बागेतल्या झाडांच्या पाट्यांवर कोणतं शास्त्रीय नाव टाकावं? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

रंकाळ्याजवळच्या आमच्या कॉलनीच्या बागेत झाडांना पाट्या लावतोय. पत्र्यावर पक्का रंग, म्हणजे एकदा रंगवलं की पुढची कित्येक वर्षं तेच. पेंटर यादीसाठी मागे लागलाय.

बाभळीवरून समितीत जुंपली आहे. ज्येष्ठांना अकॅशिया निलोटिकाच हवं, नव्या यादीत व्हॅचेलिया निलोटिका आहे. खरं तर अकॅशिया या गटाचा मूळ नमुना, म्हणजे ज्या झाडाला ते नाव बांधलेलं होतं, तो बाभळीचाच. पण 2005 ला व्हिएन्नातल्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं आणि 2011 ला मेलबर्नच्या परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. राग येतो, पण नियम तो नियम. नवं नाव मोठं, जुनं खाली बारीक, असं करतोय. आवळ्याचं सोपं आहे: चूर्णाच्या डब्यांवर एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस असलं तरी लिनियसचं 1753 चं फायलँथस एम्ब्लिका आधीचं, म्हणून तेच लिहायचं.

खरी अडचण एका भेट आलेल्या झाडाची. नर्सरीच्या चिठ्ठीवर 'टर्मिनालिया' (अर्जुन, ऐन ज्यात येतात तो गट) आणि पुढे एक शब्द, नाव देणाऱ्याचा उल्लेख नाही. तो दुसरा शब्द मुद्दाम इथे लिहीत नाही, नाहीतर उद्या गूगल हाच धागा पुरावा म्हणून दाखवेल. आयपीएनआय या वनस्पतींच्या नावांच्या जागतिक सूचीत ते नाव नाही, लंडनच्या क्यू उद्यानाच्या यादीतही नाही. सापडतं ते फक्त रोपं विकणाऱ्या साइटवर, सगळीकडे एकच मजकूर, एकच फोटो. पानाच्या देठाशी दोन बारीक गाठी आहेत, म्हणजे टर्मिनालिया असू शकेल. फुलं-फळं अजून नाहीत. अशा वेळी काय लिहायचं? आणि इंटरनेटवरच्या जुन्या 'प्लँट लिस्ट' या वनस्पतींच्या यादीमध्ये काही नावांपुढे 'अनरिझॉल्व्ड' असतं, ती नावं चुकीची समजायची का?

प्रतिसाद:
'अनरिझॉल्व्ड' म्हणजे चूक नव्हे हो, निकाल लागलेला नाही इतकंच. ती यादी 2013 नंतर अद्ययावतच झालेली नाही, 'वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन' बघा. आयपीएनआय नाव कुठे, कधी प्रसिद्ध झालं एवढंच सांगतं; ते आज मान्य आहे का, हे सांगत नाही. चिठ्ठीवरचं नाव तिथेही नाही, तर पाटीवर नकोच. सध्या फक्त 'टर्मिनालिया' लिहा, पुढची जागा कोरी ठेवा. फळ धरलं की फांदी वर्तमानपत्रात दाबून शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. अर्जुन की ऐन, हे फळाच्या पंखांवरून आणि सालीवरून लगेच कळेल.

धागाकर्ता:
आभारी आहे! कोरी जागा सोडायला पेंटर तयार आहे. ज्यांनी झाड भेट दिलं त्या काकांना कसं समजवायचं, तेवढं सुचवा.