मदत हवी आहे: बाबांना लिम्फोमा, स्टेज ४. बरं होतं का?

बागायतदार_निफाड: बाबा ६४ वर्षांचे. मानेची गाठ काढून तपासली, लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. पेट स्कॅनवर स्टेज ४. सोमवारपासून नाशिकला किमो. केबिनबाहेर आल्यावर लक्षात आलं, बरं होतं का हे कुणी विचारलंच नाही. नेटवर कुठे ९० टक्के, कुठे फारच कमी. नेमकं सांगा, लवकर.

घाटवाट: कुठला लिम्फोमा? हॉजकिन की नॉन-हॉजकिन, या दोन मुख्य प्रकारांतला? बायोप्सीसोबत आयएचसीचा, म्हणजे पेशींचा प्रकार सांगणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट असेल, तो बघा.

कॉलेजरोडकर: घाबरू नका. माझ्या भाच्याला तेविसाव्या वर्षी झाला होता. एबीव्हीडी नावाचं किमो दिलं, दर पंधरा दिवसांनी. आज ठणठणीत आहे.

घाटवाट: दादा, तो हॉजकिन. त्यात पहिल्या टप्प्यात ९० टक्क्यांच्या वर बरे होतात. तो आकडा यांना लावू नका.

पंचवटी_७२: गव्हांकुराचा रस द्या, अनाशापोटी. आमच्या शेजारच्या काकांना गुण आला.

वॉर्डताई: कृपा करून नको. किमोत पांढऱ्या पेशी घटतात, कच्च्या रसातून जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतेल. मी किमो वॉर्डात काम करते.

पंचवटी_७२: ताई, अनुभव सांगितला. जबरदस्ती नाही.

सिडकोवासी: मुंबईला परळला न्या, टाटाला. पंचवटी एक्स्प्रेसचं आरक्षण आधीच काढा.

घाटवाट: हेच औषध नाशिकलाही मिळतं. सल्ल्याला जा, पण सोमवार चुकवू नका.

बागायतदार_निफाड: सापडलं. डिफ्यूज लार्ज बी सेल, सीडी२० पॉझिटिव्ह.

वॉर्डताई: म्हणजे नॉन-हॉजकिन. मग बहुधा आर-चॉप, म्हणजे किमो आणि सीडी२० वर काम करणारं औषध एकत्र; २१ दिवसांनी एक, साधारण सहा वेळा. या प्रकारात सरसकट दहातले सहा जण कायमचे बरे होतात. साठीपुढचं वय आणि स्टेज ४ मुळे आशा थोडी कमी धरतात. डॉक्टरांना आयपीआय स्कोअर (बरं होण्याची शक्यता सांगणारे गुण) किती ते विचारा. पण फुप्फुसाच्या कॅन्सरची चौथी स्टेज आणि ही, एक नव्हे. बाबांचा हा लिम्फोमा वेगाने वाढतो, तसाच औषधाला विरघळतोही. फॉलिक्युलर हा लिम्फोमाचा दुसरा प्रकार उलटा: वर्षानुवर्षं संथ, पण फिरून येणारा.
किमोआधी हिपॅटायटिस बी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालंय ना? आर-चॉपमधल्या लाल औषधानंतर लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. बाबांना आधीच सांगून ठेवा.

सिडकोवासी: सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचंही विचारा, रेशनकार्ड न्या.

बागायतदार_निफाड: इको झालाय. हिपॅटायटिसचा कागद फाइलीत नाही, सकाळीच फोन करतो. ताई, अजून एक. छाटणी झालीय, बाबा म्हणतात फवारणीला मीच उभा राहतो. चालेल?

वॉर्डताई: नाही. बागेत नुसतं बसू द्या, फवारणी नसेल त्या दिवशी.