मशिदीचा घुमट: फायबर की आरसीसी?

कोकणी_अभियंता
गावच्या मशिदीच्या स्लॅबवर ५ मीटर व्यासाचा घुमट बसवायचाय आणि जमातीत (मशिदीच्या लोकांत) दोन तट पडलेत. मी फायबरच्या, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या, बाजूचा. हिशेब असा: अर्धगोलाचं क्षेत्रफळ ३९ चौरस मीटर. १० सेंटिमीटर जाडीचं आरसीसी म्हणजे पावणेदहा टन. ६ मिलिमीटर फायबर म्हणजे ४०० किलो, आतल्या रिब (आधाराच्या पट्ट्या) धरून थोडं जास्त. जुन्या स्लॅबवर दहा टन कुठे ठेवणार? भूकंपाचा जोर वजनाबरोबर वाढतो, आणि १९६७ चा कोयनेचा धक्का इथली जुनी माणसं विसरलेली नाहीत.

हलका घुमट म्हणजे परंपरा मोडली, हेही पटत नाही. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉकचा घुमट लाकडी आहे, दुहेरी कवचाचा.

विजापूरकर
जेरुसलेम काढलंत तर पुढचंही सांगा. त्याच आवारात अल अक्सा मशिदीच्या घुमटावर विसाव्या शतकात अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चढवले. १९८३ मध्ये ते उतरवून पुन्हा शिसं घातलं. त्या जीर्णोद्धाराला १९८६ चा आगा खान पुरस्कार मिळाला.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. गोलघुमटात जाऊन मान वर करा. आतून सुमारे ३८ मीटर व्यास, विटा आणि चुना, मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी तो भार भिंतींवर उतरवतात. तिथे घुमट हेच छप्पर आहे. तुमच्याकडे नमाजी वर बघेल तर त्याला सपाट स्लॅब आणि पंखा दिसेल. घुमट फक्त रस्त्यावरून दिसण्यापुरता. त्यावर जमातीचा पैसा का घालायचा?

कोकणी_अभियंता
अल अक्साचं अ‍ॅल्युमिनियम हे वरचं आवरण होतं. त्यावरून घुमट हलका नको असं ठरत नाही. आणि आरसीसीचा घुमट स्लॅबवर बांधला तरी आतून सपाटच दिसणार. मग तुमचा आक्षेप दोघांनाही लागू होतो.

साइटवाला
वजनाचं बोलताय, वाऱ्याचं कोणीच बोलत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-श्रीवर्धनकडे किती छपरं उडाली ते आठवा. हलकी वस्तू वारा उचलतो. फायबरचा घुमट पाकळ्यांमध्ये येतो आणि नट-बोल्टने जोडतात. बोल्ट स्टेनलेसचेच घ्या, खाऱ्या हवेत साधे गंजतात. तळाची रिंग स्लॅबच्या सळईत अँकर करा, नुसती प्लास्टरमध्ये रोवू नका. सांध्यातलं सीलंट दर पावसाळ्याआधी तपासा. उन्हाने वरचा जेलकोट (फायबरचा गुळगुळीत बाहेरचा थर) पांढुरका पडतो, पुन्हा रंग लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. आणि आगीचं विचारून घ्या, साधं रेझिन, म्हणजे फायबरमधलं प्लास्टिक, पेटतं.

फोंडेकर
घुमट हवाच का? आमच्या गोव्यातल्या फोंड्याची साफा मशीद १५६० ची. उतरतं कौलारू छप्पर, घुमट नाही. आपल्या पावसाला तेच सोसतं.

विजापूरकर
+१. आरसीसीलाही माझा आक्षेप लागू होतो, मान्य. म्हणूनच म्हणतो, स्लॅबवर काहीच ठेवू नका. कधी मशीद नव्याने बांधाल तेव्हा आतून उघडा घुमट करा. तो फायबरचा असला तरी माझी हरकत नाही.

कोकणी_अभियंता
नवीन बांधकाम निदान दहा वर्षं तरी नाही, आणि लोकांना लांबून मशीद ओळखू यावी असं वाटतं. ती इच्छा मला छोटी वाटत नाही. अँकर आणि रेझिनचे मुद्दे शुक्रवारी जमातीसमोर ठेवतो.