मदत हवी आहे: ईव्हीमधली वीज सोसायटीच्या नेट मीटरमधून ग्रिडला देता येईल का?

ऐरोलीत आमची सोसायटी आहे. वीज महावितरणची, गच्चीवर सोलर आणि कॉमन मीटरला नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज बिलात वळती होते) चालू आहे. दुपारी चार्ज झालेल्या गाड्यांमधली थोडी वीज संध्याकाळी मागणी सर्वाधिक असते तेव्हा परत द्यावी, असा विचार आहे.

माझ्या गाडीत व्हीटूएल (गाडीच्या बॅटरीवर उपकरणं चालवायची सोय) आहे. चार्जिंग पोर्टला अडॅप्टर लावला की थ्री-पिन सॉकेट मिळतं. मिक्सर, इस्त्री व्यवस्थित चालली. पण हा पुरवठा ग्रिडशी सिंक होत नाही, त्यामुळे तो घराच्या वायरिंगला जोडण्याचा सल्ला कृपया नको. लाईन बंद असताना आपली वीज उलटी गेली तर खांबावरच्या वायरमनच्या जिवाशी खेळ होईल. म्हणूनच मला अँटी-आयलंडिंग (ग्रिड बंद पडताच वीज देणं आपोआप थांबवणारी सोय) असलेला बायडायरेक्शनल, म्हणजे गाडीतली वीज ग्रिडला परतही देऊ शकणारा चार्जरच हवा आहे. शोरूममध्ये विचारलं, त्यांनी पुन्हा व्हीटूएलचंच माहितीपत्रक दिलं. आमच्या सोलरवाल्याच्या मते नेट मीटरचा करार फक्त सोलरपुरता आहे.

बॅटरीची झीज आणि वॉरंटी यांचा विचार नंतर करू, आधी परवानगीचं बघायचंय. चार्जर सोसायटीच्या नावावर घ्यायची तयारी आहे.

तर ठाणे-नवी मुंबईत कोणी असा चार्जर ग्रिडला जोडलाय का? त्यासाठी अर्ज कुठे केला, आणि चार्जरचं कोणतं प्रमाणपत्र मागितलं?