थार-जिमनीला हाय-लिफ्ट जॅक: गरज की मागच्या दाराची सजावट?

घाटमाथा
मत ठाम आहे, म्हणून सरळच लिहितो. कंपनीचे बंपर आणि कंपनीचेच फूटस्टेप असलेल्या थारला किंवा जिमनीला हाय-लिफ्ट, म्हणजे फार्म जॅक, घेतला तर पैसेही वाया आणि तेरा किलोचं ओझंही फुकटचं. हा जॅक गाडीखाली जात नाही. तो बाजूला उभा राहतो आणि त्याची जीभ गाडीचं काहीतरी धरते. धरण्याजोगं म्हणजे पोलादी बंपरमधली खाच, नाहीतर दारांखाली चॅसिसला बोल्टने पक्के केलेले पोलादी रॉक स्लायडर. प्लास्टिकच्या बंपरखाली जीभ घातलीत तर बंपर सोलून निघेल, फूटस्टेपखाली घातलीत तर ब्रॅकेट वाकेल. टो हूक ओढायला असतो, उचलायला नाही. त्याच्यावरून जीभ घसरते.

दुसरा मुद्दा सस्पेन्शनचा. चॅसिस उचलली म्हणून चाक लगेच उठत नाही. आधी स्प्रिंग मोकळी होते, ॲक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, खाली लोंबतो, आणि चाक जमिनीपासून बोटभर सुटेपर्यंत चॅसिस वीस-पंचवीस सेंमी वर गेलेली असते. तेही एका उभ्या पट्टीवर, जिचं बूड हाताच्या पंजाएवढं. ॲक्सलच्या नळीखाली बॉटल जॅक, म्हणजे बाटलीएवढा तेलावर चालणारा जॅक, लावला तर त्याहून बऱ्याच कमी उचलीत स्टेपनी चढते आणि गाडीचा तोलही जागचा हलत नाही.

माझी यादी: २ टनी हायड्रॉलिक बॉटल जॅक, ३० × ३० सेंमीची जाड प्लायची फळी, दोन लाकडी ठोकळे, पंक्चर किट आणि कंप्रेसर. टायरच्या तळव्यातलं खिळ्याचं भोक बाहेरूनच पट्टी मारून बुजतं, चाक काढावंच लागत नाही. जॅक लागतो तो साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटली तरच.

लाल_चिखल
असहमत. टायर बसल्यावर जॅकला जागा किती उरते ते आधी मोजू.

जिमनीचा टायर १९५/८० आर १५, चाकाचा व्यास साधारण ६९ सेंमी. हवा असताना ॲक्सलच्या नळीचा तळ जमिनीपासून तीसेक सेंमीवर असतो. साइडवॉल फाटून रिम खाली बसली की तोच वीसवर येतो. चाक पाच सेंमी रुतलं की उरले पंधरा. बाजारातला २ टनी बॉटल जॅक मिटलेला असतानाच १६ ते १८ सेंमी भरतो, ३ टनी १९च्या आसपास. वर तुमची अडीच सेंमीची फळी. हा सगळा ऐवज शिरवणार कुठून?

फार्म जॅकची जीभ जमिनीपासून अकरा-बारा सेंमीवर सुरू होते आणि जवळजवळ मीटरभर चढते. पोट टेकलं असेल, चारही चाकं चाकोरीत लोंबत असतील, तर चाक वर घेऊन खाली दगड भरण्याचं काम दुसरा कुठलाही हातजॅक करत नाही. बंपरचा प्रश्नही सुटतो: दोन आकड्यांचा पट्टा मिळतो, आकडे रिमच्या भोकांत अडकवायचे, पट्टा जिभेवर. मग चॅसिस नाही, थेट चाकच उचललं जातं. लोंबण्याचा हिशेब तिथेच निकालात.

घाटमाथा
रिमला आकडे लावून चाक उचललंत तर तेच चाक बदलणार कसं? तो पट्टा रुतलेल्या गाडीसाठी, पंक्चरसाठी नाही. दोन वेगळी कामं आहेत, आणि लोक जॅक घेतात ते पंक्चरच्या भीतीने.

जागेचं गणित मान्य. त्यावर उपाय असा, की बसलेल्या टायरपुढे पाच सेंमी जाडीची फळी किंवा सपाट दगड ठेवायचा आणि फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग अगदी कमी) गाडी वीतभर सरकवून चाक वर चढवायचं. फाटलेल्या टायरचं अजून काय बिघडणार आहे? तेही जमत नसेल तर नळीखालची माती खुरप्याने काढायची. थारचं चाक मोठं, २५५/६५ आर १८ म्हणजे ७९ सेंमी. टायर पूर्ण बसला तरी मागच्या नळीखाली तेवीसेक सेंमी राहतात, तिथे अडचण येत नाही.

घ्यायच्या आधी एवढंच करा: एका चाकाची सगळी हवा सोडा, नळीखाली मोजायची टेप लावा, फळीची जाडी वजा करा. मिटलेला जॅक त्या आकड्यापेक्षा सेंटीमीटरभर तरी बुटका हवा. दुकानदार टनात बोलतो, तुम्ही सेंटीमीटरमध्ये बोला.

पाना_बारा
घाटमाथा, थारला पुढे ॲक्सल नाही, डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन वेगळ्या भुजांवर. खालची विशबोन तिरकी असते, बॉटल जॅकचं सपाट डोकं तिच्यावरून घसरतं. पुढच्या चाकाला मॅन्युअलमध्ये दाखवलेली जागाच घ्या आणि स्प्रिंग मोकळी होण्याइतकी जादा उचल धरा. बॉटल जॅकचा दट्ट्या साधारण अकरा-बारा सेंमी उठतो, वरचा स्क्रू हाताने फिरवला की आणखी पाच-सहा. तो स्क्रू आधीच फिरवून ठेवला नाही तर पुढच्या चाकाला उचल कमी पडते. मागची नळी गोल, तिथेही सपाट डोकं नको. खोलगट टोपी मिळते ती बसवा. कुणी दट्ट्यावरच वेल्डिंग करून घेतात; त्या उष्णतेत आतलं सील जातं.

आता लाल_चिखल यांच्याकडे वळतो. हाय-लिफ्ट चांगलं अवजार आहे. अमेरिकेतल्या इंडियानाची कंपनी शंभराहून अधिक वर्षं ते बनवते आहे. मुळात ते शेतावरचं: कुंपणाचे खांब उपटा, ट्रॅक्टरचं कोपर उचला. पण ते चालतं कसं हे कळल्याशिवाय हात लावू नये. उभ्या पट्टीला भोकं असतात. दोन पिना आळीपाळीने त्या भोकांत शिरतात, दांड्याच्या प्रत्येक झोक्याला जीभ एक भोक चढते. चढताना फारसं काही होत नाही. हाडं मोडतात ती उतरवताना.

उतरवण्यासाठीचा उलटा खटका खाली केला की झोक्याच्या मधल्या टप्प्यात सगळं ओझं दांड्यावर येतं आणि तो वर उसळू पाहतो. हात सुटला तर तो पट्टीवर आपटतो, आणि खटका खालीच असल्याने पुन्हा पुन्हा हाणत राहतो, ओझं खाली टेकेपर्यंत. मध्ये हनुवटी किंवा मनगट आलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दांडा पट्टीला टेकवून उभा केल्याशिवाय खटक्याला हात नाही, डोकं कधीच दांडा आणि पट्टीच्या मध्ये नाही, आणि दोन्ही हातांनी पूर्ण झोका. अर्धा झोका घेतलात तर पिन भोकात बसतच नाही.

शेवटचा टप्पा अनेकांना फसवतो. जिभेवर साधारण सत्तर किलोपेक्षा कमी वजन उरलं की पिना टप्प्याटप्प्याने उतरत नाहीत, जीभ धाडकन खाली येते. चाक जमिनीला टेकतं ना टेकतं तेव्हाच हे होतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी जॅकचं बूड सरकवायला पाय पुढे करतं.

लाल_चिखल
हे सगळं खरं, पण हा वापरणाऱ्याचा दोष झाला. कुऱ्हाडही पायावर पडते.

पाना_बारा
कुऱ्हाडीला स्प्रिंगवर चालणाऱ्या पिना नसतात. मागच्या दारावर उघडा टांगलेला फार्म जॅक पावसाळ्यात दोन घाट फिरला की पिनांत चिखल वाळतो. स्प्रिंग पिन ढकलू शकत नाही, ती भोकात अर्धीच शिरते आणि ओझं पिनेच्या टोकावर तोललं जातं. वापरण्याआधी डिझेल आणि तारेच्या ब्रशने धुवा, दोन्ही पिना टकटक आवाज करत आत-बाहेर जातात का पाहा, मग पातळ तेल. ग्रीस नको, धूळ धरून त्याचीच लापी होते. वर कॅनव्हासचं कव्हर, आणि पिना-स्प्रिंगचा जादा संच डिकीत.

अजून एक. मूळ जॅकमध्ये एक बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. ओझं हाताबाहेर गेलं की पट्टी वाकण्याआधी तो तुटतो, आणि जीभ आहे तिथेच राहते. तो तुटला की लोक हार्डवेअरच्या दुकानातून कडक बोल्ट आणून बसवतात. पुढच्या वेळी बोल्ट तुटत नाही, दुसरं काहीतरी तुटतं. स्वस्त नकलांमध्ये तर असा बोल्ट असतोच असं नाही.

काळी_माती
जॅक कोणताही घ्या, तो जमिनीत किती जाईल याचा विचार वर फक्त एका ओळीत आलाय. थारच्या एका कोपऱ्याचं वजन सामानासकट ६०० किलोच्या आसपास धरू. हाय-लिफ्टचं बूड साधारण १८० चौ. सेंमी, म्हणजे दर चौ. सेंमीला सव्वातीन किलोच्या वर. बॉटल जॅकचं बूड शंभर-एकशे दहा चौ. सेंमी, तिथे साडेपाच-सहा किलो. कोरड्या मुरमावर दोन्ही उभे राहतील. देशावरची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि पाऊस पडला की फुगून लोण्यासारखी होते. त्यात दोन्ही जॅक आधी स्वतः जमिनीत जातात आणि गाडी जिथल्या तिथे. तेच ओझं ३० × ३० फळीवर टाका: ९०० चौ. सेंमी, दर चौ. सेंमीला पाऊण किलोपेक्षाही कमी.

पण फळी म्हणजे बारा मिलिमीटरची कपाटाची प्लाय नव्हे. ती मधोमध वाकते, ओझं परत बुडाएवढ्याच जागेवर येतं. १९ मिलिमीटरची मरीन प्लाय, दोन थर चिकटवून स्क्रू मारलेली, कडांना रंग किंवा वॉर्निश. हा ३८ मिलिमीटरचा थर तुमच्या सेंटीमीटरच्या हिशेबात धरायला विसरू नका. वरच्या बाजूला जॅकच्या बुडाभोवती अर्ध्या इंचाची पट्टी ठोका, म्हणजे ओल्या फळीवरून जॅक सरकणार नाही. एका कोपऱ्यात भोक पाडून दोरी बांधा. काम झाल्यावर चिखलातून उपसायला तीच उपयोगी.

सागरवाट
गाडीखाली सारून फुगवायच्या हवेच्या पिशवीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? वाळूत, चिखलात तिला फळी लागत नाही, धातूचा दांडा नाही, बंपर धरावा लागत नाही. ६० सेंमी व्यासाची पिशवी म्हणजे २८०० चौ. सेंमी. दर चौ. सेंमीला अर्धा किलो दाब भरला तरी १४०० किलोची उचल. एवढा दाब सायलेन्सरला नळी लावूनही मिळतो.

पाना_बारा
तो हिशेब पिशवी सपाट असतानाचा. फुगून गोल झाली की गाडीला टेकणारं वर्तुळ लहान होतं आणि उचलही त्याच प्रमाणात घटते; वरच्या टप्प्यात ती निम्म्यावर येऊ शकते. शिवाय गोलावर ठेवलेली गाडी डुलते. रुतलेलं चाक वर घेऊन खाली भर घालायला पिशवी उत्तम. चाकाचे बोल्ट काढायला नाही, आणि खाली हात घालायला तर नाहीच. गाडीच्या पोटाखालची टोकं, जांभ्याची कड, गरम सायलेन्सर, सगळ्यांपासून वाचवायला वर-खाली जाड रबरी मॅट हवी. हवा कंप्रेसरनेच भरा. सायलेन्सर वापरलात तर बीएस-६ डिझेलला फिल्टर आतली काजळी जाळून साफ होत असतानाचा तापलेला धूर नळी वितळवतो. आणि गळणारा धूर गाडीजवळ वाकलेल्या माणसाच्या नाकात जातो.

घाटमाथा
माझी यादी आहे तशीच. उलट फार्म जॅकवाल्यांना एक प्रश्न: त्यासाठी पोलादी बंपर लावणार आणि मग रस्त्यावर चालवणार कशी? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (गाडीपुढे जादा बसवलेल्या पोलादी दांड्यांवर) कारवाई करायला सांगितलं आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या आधारे. जॅक चार हजाराचा असो वा चाळीस हजाराचा, त्याला धरायला जे बसवायचं तेच चौकात अडवलं जाणार.

लाल_चिखल
म्हणून तर रॉक स्लायडर म्हटलं, बंपर नाही. ते दारांखाली चॅसिसला चिकटून असतात. तरीही आधी आरटीओत विचारून घ्यावं, ते तुमचं खरं.

पण तुमच्या बॉटल जॅकचीही परीक्षा घ्या की! बहुतेकांचा जॅक डिकीत आडवा पडलेला असतो, तेल ओघळून गेलेलं, आत हवा. गरज पडते तेव्हा दहा झोके मारून दट्ट्या हलत नाही.

पाना_बारा
ही तक्रार रास्त. नवीन घेतल्यावर झडप उघडून दांडा दहा-पंधरा वेळा हलवा म्हणजे आतली हवा निघेल. मग झडप बंद करून गाडीचा कोपरा उचला, ॲक्सलखाली जाड ओंडका ठेवून अर्धा तास तसाच सोडा. नळी ओंडक्याला टेकली तर जॅक परत करा. दट्ट्याभोवती तेलाची कड दिसली तरीही परत. ठेवताना उभा, दट्ट्या पूर्ण खाली, झडप बंद. तेल हायड्रॉलिकचंच. ब्रेक ऑइल घातलंत तर सील फुगून निकामी होतात, आणि गॅरेजमधला पोऱ्या हमखास तेच ओततो.

काळी_माती
उतारावरच्या गाडीचं कुणी बोललेलं नाही. हँडब्रेक मागच्या दोनच चाकांवर असतो. मागचं एक चाक उचललंत की गाडी धरायला हँडब्रेकचं एकच चाक उरतं. जुन्या विलीज जीप किंवा लँड रोव्हरला तर तो ब्रेक शाफ्टवर असतो. एक चाक हवेत गेलं की डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) दुसरं मोकळं फिरतं आणि ब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून फोर-लो, पहिला गिअर, इंजिन बंद, हँडब्रेक, आणि जमिनीवरच्या चाकांना उताराकडून ठोकळे. चाक जमिनीवर असतानाच त्याचे बोल्ट अर्धा फेरा सैल करा; वर उचलल्यावर पान्यावर उभं राहून जोर लावलात तर गाडी जॅकवरून ढकलता. काढलेलं चाक बाजूला टेकवून ठेवू नका, दाराखाली चॅसिसच्या आत आडवं सरकवा. जॅक निसटला तर गाडी रिमवर बसेल.

लाल_चिखल
हे शेवटचं फार्म जॅकला दुप्पट लागू. मतभेद आहे तो पंक्चरपुरता. पोट टेकलेल्या गाडीला तुमच्या यादीत अजूनही काही नाही, घाटमाथा.

घाटमाथा
फावडं आहे. लिहायचं राहिलं होतं.