तिसऱ्या वर्षाला कंपायलर घ्यावा की मशीन लर्निंग?

रामबागकर
माझी भाची इथेच इंदूरला कॉम्प्युटर सायन्सला आहे, दुसरं वर्ष संपत आलंय. पुढच्या आठवड्यात ऐच्छिक विषयांचा फॉर्म भरायचाय. वर्गातले बहुतेक जण मशीन लर्निंग आणि क्लाउड घेतायत. माझं मत ठाम आहे: पाचव्या सेमिस्टरला कंपायलर (आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) घ्यावा, मशीन लर्निंग सातव्याला.

कारण मशीन लर्निंगला लागणारं प्रॉबॅबिलिटी, म्हणजे शक्यतांचं गणित, तिला मुळी पाचव्यातच आहे. लॉजिस्टिक रिग्रेशनसारख्या साध्या मॉडेलमधलं लॉस फंक्शन, म्हणजे मॉडेल किती चुकतंय ते मोजणारं सूत्र, कुठून आलं, हे प्रॉबॅबिलिटीतल्या मॅक्सिमम लाइकलिहुडशिवाय उमगत नाही. मग मुलं लायब्ररीतलं फंक्शन चालवतात आणि अचूकता ९९ टक्के आली की खूश! समजा डेटातले ९९ टक्के व्यवहार खरे आणि १ टक्का फसवणुकीचे असतील, तर सगळ्यांना 'खरा' म्हणणारा प्रोग्रामही ९९ टक्केच देईल, आणि एकही फसवणूक पकडणार नाही. हे ज्याच्या लक्षात येत नाही, त्याच्या हाती मॉडेल कसं द्यायचं?

कंपायलरमध्ये मात्र आधी शिकलेलं सगळं कामाला येतं. थिअरी ऑफ कम्प्युटेशनमधले फायनाइट ऑटोमेटा कोडमधले शब्द वेगळे करणाऱ्या लेक्सरमध्ये, हॅश टेबल नावांची नोंद ठेवणाऱ्या सिम्बॉल टेबलमध्ये, ग्राफ कलरिंग प्रोसेसरमधली रजिस्टर वाटताना. थिअरी तिची चौथ्यालाच झालीय, ताजी आहे.

सुदामानगर
दादा, पटलं नाही. कॅम्पसला कंपन्या सातवं सेमिस्टर सुरू होता होताच यायला लागतात, इंटर्नशिपच्या मुलाखती तर सहाव्यातच. सातव्याला घेतलेला विषय रेझ्युमेवर येणार कधी? सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, पुण्याला तर किती मुलं जातात. फ्रेशरला विचारतात डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस (डीबीएमएस), ऑपरेटिंग सिस्टिम. पार्सर (कोडची रचना तपासणारा कंपायलरचा भाग) लिहून दाखव असं म्हणणारे विरळाच. ज्या घरात शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे, तिथे पहिली नोकरी वेळेवर लागणं हीच मोठी गोष्ट असते. प्रॉबॅबिलिटी कच्चं असेल तर सुट्टीत करून घेता येईल.

लोकमान्यनगरची ताई
सुदामानगर, हप्त्याचं तुमचं म्हणणं मनापासून पटतं. पण गणित सुट्टीत होतं, हे नाही पटत. आठ-दहा आठवडे रोज गणितं सोडवल्याशिवाय बेझचा नियम अंगवळणी पडत नाही. आणि एआयमध्येच जायचं म्हटलं तरी गणितातून सुटका नाही. २०२४ पासून गेटमध्ये, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेत, डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे, त्यात प्रॉबॅबिलिटी, लिनिअर अल्जेब्रा आणि कॅल्क्युलस आहेच. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात कंपायलर आहे. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो, म्हणजे नोकरी करता करताही एमटेकचा रस्ता उघडा राहतो.

रामबागकर, एक मात्र विचारा: कंपायलरला लॅब आहे का? नुसती फळ्यावर एलआर पार्सिंगची टेबलं भरायला लावणार असतील, तर मी तरी तो विषय घे म्हणणार नाही. लहानशा भाषेचा का होईना, स्वतः लिहिलेला आणि चालणारा कंपायलर हातात असायला हवा. आणि मुलाखतीत त्यावर अर्धा तास सहज बोलता येतं, सुदामानगर.

रामबागकर
ताई, लॅब आहे. दोन-दोन जणांच्या गटात सेमिस्टरभर एकच प्रोजेक्ट.

सुदामानगर
लॅब असेल तर कंपायलरला माझा विरोध उरत नाही. पण मशीन लर्निंग सातव्यापर्यंत ढकलणं मला अजूनही चुकीचंच वाटतं. प्रॉबॅबिलिटी पाचव्यात संपतंय ना? मग सहाव्याला घेऊ दे. कॉलेज तेव्हा शिकवत नसेल तर स्वयमवर (सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर) जानेवारीत कोर्स सुरू होतात. त्याचे क्रेडिट डिग्रीत धरतील का, हे फॉर्म भरायच्या आधी विभागात विचारून घ्या.

रामबागकर
सहाव्याला चालेल. पण कंपायलर पाचव्यालाच, त्यावर मी ठाम आहे. क्रेडिटचं उद्याच विचारायला सांगतो तिला.