शब्दचर्चा: ‘कम्पॅट कोड’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली चार मुलं आमच्या टीममध्ये आली आहेत. लिनक्स कर्नलचा (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) व्हिडिओ विभाग त्यांना समजावून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. तोंडी सगळं मराठीतच चालतं. टिपणं लिहायला बसलो की मात्र दर तिसऱ्या शब्दाला अडतो. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजांत चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरं आहेत, मराठी नाही. त्यामुळे उचलायला आयतं काही मिळत नाही.

सध्या अडलोय ते व्हीफोरएलटू (व्हिडिओ फॉर लिनक्स, दुसरी आवृत्ती) मधल्या ‘कम्पॅट-आयऑक्टल-३२’ या फाइलवर. कम्पॅट म्हणजे कम्पॅटिबिलिटी, आणि आयऑक्टल म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडला, केलेली क्रमांकित विनंती. काम सांगायला सोपं आहे: कर्नल ६४ बिटी, पण त्यावर चालणारा कॅमेऱ्याचा प्रोग्राम ३२ बिटी असेल, तर दोघांचं जमवून द्यायचं.

एक उदाहरण देतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. कॅमेऱ्याने भरलेली फ्रेम प्रोग्रामच्या हाती देताना ‘व्हीफोरएलटू बफर’ नावाचा एक तक्ता सोबत जातो. ६४ बिटीत तो ८८ बाइटचा, ३२ बिटीत ६८ चा. २० बाइटचा फरक पडतो कुठे? वेळेची नोंद ८ ऐवजी १६ बाइट घेते, तिथे ८ गेले. पत्ता (मेमरीतली जागा दाखवणारा आकडा) ४ ऐवजी ८ बाइटचा होतो, तिथे ४. उरलेले ८ म्हणजे निव्वळ मोकळी जागा: ४ वेळेच्या आधी, ४ अगदी शेवटी, आठाच्या पटीत बसवण्यासाठी सोडलेली. गंमत अशी की आयऑक्टलच्या क्रमांकातच तक्त्याचा आकार दडलेला असतो. म्हणून ‘भरलेला बफर परत दे’ या एकाच विनंतीला दोन क्रमांक पडतात. एकात षोडशमान पद्धतीने ५८ दिसतं, दुसऱ्यात ४४. स्ट्रेस (strace, प्रोग्राम कर्नलला काय विनंत्या करतो ते दाखवणारं साधन) मध्ये कच्चे क्रमांक पाहिलेत तर डोळ्यांनी दिसेल.

तर या कोडला ‘सुसंगतता कोड’ म्हणू का? लिहिलं, वाचलं, आणि काहीच डोळ्यांसमोर येईना.

प्रतिसाद १

‘सुसंगत’ रूढ झालाय हे खरं. पण घरात आपण तो कुठे वापरतो? ‘त्याच्या बोलण्यात सुसंगती नाही’. म्हणजे मागचं-पुढचं एकमेकांशी लागत नाही. इंग्रजीत ज्याला कन्सिस्टंट म्हणतात ते. तुमच्या क्षेत्रात डेटा कन्सिस्टंट असणं हा वेगळा मोठा विषय आहे ना? मग दोन्हींना एकच शब्द दिलात तर मुलं गोंधळणारच.

‘अनुरूप’ पाहा. जुनं आहे आणि अर्थ नेमका आहे.

प्रतिसाद २

‘अनुरूप’ म्हटलं की मला वधूवर सूचक मंडळच आठवतं, पण ते सोडा. खरी अडचण वेगळी आहे. व्हीफोरएलटूच्या साधनांत ‘कम्प्लायन्स’ नावाचा एक तपासनीस प्रोग्राम आहे. ड्रायव्हर नियमांप्रमाणे वागतो की नाही ते तो एकेक आयऑक्टल मारून बघतो. ‘अनुरूप’ त्याच्यासाठी राखून ठेवा. नियमाला धरून असणारा तो अनुरूप. कम्पॅट कोड कुठल्या नियमाला धरून नाही, तो दुसऱ्याच्या मापाला धरून आहे.

धागाकर्ता

दोघांचंही पटलं. यावरून एक लक्षात आलं. सुसंगतता ही स्थिती झाली. दोन गोष्टी सुसंगत ‘आहेत’. इथे कोणी तरी काही तरी करतंय, आणि एकच बाजू करतेय. वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम मोडायचा नाही, हा लिनस टोरवाल्ड्सचा कर्नलमधला जुना दंडक. म्हणजे वाकायचं कोणी, तर कर्नलने. ३२ बिटी प्रोग्रामला पत्ताही नसतो की पलीकडे कोणी आपल्यासाठी वाकतंय. मराठीत याला सरळ ‘जुळवून घेणं’ म्हणतात. नव्या सुनेला पहिल्या दिवसापासून सांगतात तेच. कोणी कोणाशी, हे त्यात वेगळं सांगावं लागत नाही.

‘जुळवणूक’ म्हणावं का? ‘जुळवणी’ नको, ती सुट्या भागांची होते.

प्रतिसाद ३

‘जुळवणूक’ चालेल, पण त्याच्या पोटात सगळं कोंबू नका. माझे वडील सुतार होते. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की कुऱ्हाड बदलत नाहीत, दांडाही बदलत नाहीत, पाचर ठोकतात. दोन गोष्टींच्या फटीत बसवलेल्या छोट्या कोडला तुम्ही लोक शिम म्हणता, ती हीच. इंग्रजीतही तो शब्द सुतार-गवंड्यांकडूनच आलाय, मग आपण ‘मध्यस्थ स्तर’ वगैरे कशाला म्हणायचं?

‘पाचर मारली’ म्हणजे कामात खोडा घातला, असाही अर्थ होतो हे माहीत आहे. होऊ दे. ज्याने शिम सांभाळलाय त्याला तोही अर्थ पटेल.

प्रतिसाद ४

पाचर फक्कड. पण या फाइलला नाही, दुसरीकडे लावा.

व्हीफोरएलची पहिली आवृत्ती आणि दुसरी या दोन वेगळ्या भाषा होत्या. दुसरी २००२ मध्ये २.५ कर्नलमध्ये आली. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून कर्नलात एक भाषांतर करणारं मॉड्यूल ठेवलं होतं: विनंती जुन्या बोलीत आली की नवीत सांगायची. २०११ मध्ये २.६.३८ ला पहिली आवृत्ती कर्नलमधून कायमची गेली. तोवर हे भाषांतर लिब-व्हीफोरएल या लायब्ररीत, म्हणजे कर्नलच्या बाहेर नेलेलं होतं. जुना प्रोग्राम सुरू करताना ती लायब्ररी आधी चढवायची, की ती मधल्या मधे विनंत्या पकडते. प्रोग्राम आणि सिस्टिम यांच्या फटीत सरकवलेली, तीच पाचर.

तुमच्या ३२-६४ च्या फाइलीत भाषा बदलतच नाही. दोघं एकच बोलतात, फक्त एकाचं माप शेर-पायलीत आणि दुसऱ्याचं किलोत. त्याला भाषांतर म्हणणं चूक. मी तर ‘मापांतर’ म्हणेन. शब्द आत्ताच बनवला, हसू नका.

धागाकर्ता

हसलो नाही, वहीत उतरवून घेतला. मापांतरात पुढे एक भर पडली आहे. ३२ बिटी वेळ २०३८ मध्ये संपते, म्हणून ३२ बिटी प्रोग्रामांनाही आता वेळ ६४ बिटांत मोजायची सोय आहे. त्यासाठी २०२० मध्ये ५.६ कर्नलात व्हीफोरएलटूला जुन्या-नव्या वेळेची दोन्ही मापं शिकवावी लागली. म्हणजे ८८ आणि ६८ यांच्या जोडीला आणखी एक माप.

प्रतिसाद ५

विषय निघालाच आहे तर क्वर्क, म्हणजे एखाद्या उपकरणाचं नियम सोडून वागणं. ‘विचित्रता’, ‘वैशिष्ट्य’ असलं काही लिहू नका. खोड! यूएसबी वेबकॅमच्या ड्रायव्हरमध्ये कुठल्या कॅमेऱ्याला काय खोड आहे याची यादीच आहे. एक कॅमेरा बँडविड्थ नको तितकी मागतो, एक सुरू होताना आपल्या सेटिंग हरवून बसतो. कंपनी काही फर्मवेअर सुधारत नाही. जित्याची खोड. ड्रायव्हरने ती ओळखून सांभाळून घ्यायची.

आणि एम्युलेशनला, म्हणजे एकाने दुसऱ्यासारखं वागून दाखवण्याला, ‘सोंग’. डीआरएमचे (कर्नलच्या ग्राफिक विभागाचे) ड्रायव्हर काळ्या पडद्यावरच्या अक्षरी कन्सोलसाठी जुन्या फ्रेमबफरचं (पडद्यावरचं चित्र ठेवायच्या जुन्या सोयीचं) सोंग आणतात. ‘अनुकरण’ म्हणजे नक्कल, ती कोणी तरी बघून करतो. सोंगात समोरच्याला खरंच वाटलं पाहिजे.

प्रतिसाद २

‘सोंग’ दस्तऐवजात लिहिणार? साहेब वाचतील.

प्रतिसाद ५

साहेबांना मराठी टिपणं वाचायची वेळ आली तर आधी पेढे वाटू.

प्रतिसाद १

‘दस्तऐवज’वरून बोलायचंच होतं. दस्तऐवज म्हणजे खरेदीखत, गहाणखत. ज्याची नोंदणी होते तो. कोडच्या डोक्यावर चार ओळी लिहिणं म्हणजे ‘दस्तऐवजीकरण’ नाही. कचेरीत आमच्याकडे यासाठी तीन वेगळे शब्द होते. फाइलीच्या कडेला साहेब लिहितात तो शेरा. मजकुराला जोडून येते ती टीप. आणि ‘हे असं का केलंत’ याचं उत्तर म्हणजे खुलासा. तुमच्या फाइलीत यातलं काय आहे?

धागाकर्ता

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. विचारला तेव्हा फाइलीचा इतिहास वेगळाच दिसायला लागला, थोडा लांबून सांगतो.

या फाइलीत फंक्शनं जोडीने येतात, एक ‘गेट’, एक ‘पुट’. पूर्वी दोघांना दोन पत्ते मिळत: ‘केपी’ म्हणजे कर्नलमधला पत्ता, ‘यूपी’ म्हणजे यूजरच्या जागेतला. (मुलांतल्या एकीला यूपी म्हणजे उत्तर प्रदेशच वाटलं, आणि केपी म्हणजे कोरेगाव पार्क.) ३२ बिटी तक्ता यूपीवरून उचलायचा, मोठा करून केपीवर मांडायचा, मग कर्नलचं नेहमीचं काम त्याला लावायचं. नेहमीचं काम फक्त यूजरचा पत्ता घेतं. म्हणून तेवढ्यापुरती पत्त्यांची तपासणी शिथिल करत. दाराशी रखवालदाराला ‘हा आपलाच’ म्हणून सांगावं तसं. त्यातून सुरक्षेचं भगदाड पडलं. सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१७-१३१६६ या क्रमांकाने ते नोंदलंय, अँड्रॉइडच्या फोनांनाही ते लागू होतं.

२०१८ च्या सुरुवातीला ही रचना बदलली. मोठा तक्ताही यूजरच्याच जागेत मांडायचा, म्हणजे तपासणी ढिली करायला नको. छान. पण नावं तीच राहिली. ‘केपी’ आता यूजरचा पत्ता दाखवत होता आणि नाव सांगत होतं कर्नल. काही महिन्यांनी ती नावं बदलून ‘पी६४’ आणि ‘पी३२’ केली, आणि त्याच सुमारास फाइलीत बऱ्यापैकी लांब टिपा आल्या: जोड्या कशा आहेत, कुठला पत्ता कोण भरतो, यादीत नसलेल्या आयऑक्टलना मापांतर का लागत नाही. यादीत नसलेल्यांत आत पत्ते नसतात आणि तक्ता दोन्हीकडे सारख्याच आकाराचा असतो, म्हणून. हा खुलासा. त्याआधी होते ते शेरे.

पुढे दोनतीन वर्षांनी रचना पुन्हा उलटली. मोठा तक्ता परत कर्नलच्या जागेत, पण आता तपासणी ढिली न करता. ‘केपी’ ठेवलं असतं तर ते पुन्हा खरं झालं असतं! पण पी६४ आणि पी३२ यांना हात लावायची गरजच पडली नाही. जागा दोनदा बदलली, रुंदी तीच राहिली.

प्रतिसाद ४

म्हणूनच म्हटलं, मापांतर. ज्याचं नाव मापावरून ठेवलं ते टिकलं.

‘गेट’-‘पुट’ला काय करताय? ‘घेणे-देणे’ लिहिलंत तर कोण कोणाकडून घेतंय हे कळणार नाही.

प्रतिसाद १

आवक-जावक. प्रत्येक कचेरीत दोन रजिस्टरं असतात. बाहेरून आत आलं ते आवक, आतून बाहेर गेलं ते जावक. कचेरी म्हणजे कर्नल. कोणत्या बाजूने बघायचं हा प्रश्नच उरत नाही.

धागाकर्ता

वा! हा मिळाला नसता. पहिला मसुदा टाकतो, झोडा:

‘या फाइलीत मापांतर होते, भाषांतर नाही. ३२ बिटी प्रोग्रामकडून आलेला तक्ता आवक फंक्शन ६४ बिटी मापात उतरवते. काम झाल्यावर जावक फंक्शन तो परत ३२ बिटी मापात लिहिते. पी३२ हा नेहमी प्रोग्रामच्या जागेतला पत्ता. पी६४ हाही प्रोग्रामच्या जागेतलाच, म्हणून त्याचीही तपासणी होते. जुळवून घेण्याची जबाबदारी सर्वस्वी कर्नलची. प्रोग्रामने काहीही बदलणे अपेक्षित नाही.’

प्रतिसाद ३

चांगलं झालंय. ‘उतरवते’ जरा खटकतं, लहान माप मोठं करताना ‘चढवते’ हवं.

प्रतिसाद ४

आणि पी६४ चं वाक्य २०१८ चं आहे. वरच तुम्ही म्हणालात ना, तो तक्ता आता परत कर्नलच्या जागेत असतो? जुनं टिपण समोर ठेवून लिहिलंत का?

धागाकर्ता

हो. काढतो.